अमेरिकेतली ती तोफ ‘गुस्ताव’ नव्हे

‘हिटलरची जगातली सर्वांत मोठी तोफ गुस्ताव. हिनं 120 किलोमीटरवरून पॅरिसवर मारा केला, फ्रान्सची मॅजिनो तटबंदी फोडली, रुळांवरून ती कुठेही नेता येई आणि आज ती अमेरिकेत जशीच्या तशी उभी आहे.’ हा मजकूर फोटोसकट फिरतो आहे. चारही विधानं चुकीची आहेत.

सुरुवात फोटोपासून. चाकं मोजा. फोटोत तोफ एकाच रेल्वेमार्गावर, सहा-सहा आसांच्या दोन चाकगाड्यांवर आहे, म्हणजे 24 चाकं. ही जर्मनीच्या क्रुप कंपनीची ‘के5’: नळीचा व्यास 28 सें.मी., वजन सुमारे 218 टन, गोळा 255 किलोचा. गुस्तावला दोन समांतर मार्ग आणि 80 चाकं लागत. तिच्या नळीचा व्यास 80 सें.मी., वजन सुमारे 1350 टन. फोटोतली तोफ जून 1944 मध्ये इटलीतल्या चिवितावेक्कियाला सापडली. आन्झिओवर, म्हणजे इटलीत दोस्त सैन्य उतरलं त्या किनाऱ्यावर, मारा करणाऱ्या दोन के5 तिथे होत्या. त्यांचे भाग जोडून एक उभी केली, ती अनेक वर्षं मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला होती, आता व्हर्जिनियात फोर्ट ली इथे आहे. तो लष्करी तळ आहे, तेव्हा जाण्याआधी प्रवेशाची चौकशी करावी.

पॅरिसवर मारा झाला तो मार्च 1918 पासून, म्हणजे पहिल्या महायुद्धात. ती तोफ वेगळी, 21 सें.मी.ची, आणि डागताना ती रुळांवर नसे, पक्क्या पायावर बसवलेली असे. दर वेळी तोफ डागली की नळी आतून इतकी झिजे, की गोळे क्रमांक घालून, थोड्या थोड्या वाढत्या व्यासाचे बनवावे लागत. क्रम चुकवून चालत नसे. तिचा एकही नमुना उरलेला नाही.

मॅजिनोसाठीच गुस्तावची आखणी झाली हे खरं, पण 1940 मध्ये फ्रान्स पडला तेव्हा ती तयारच नव्हती. ती प्रत्यक्ष लढली फक्त क्रिमियातल्या सेव्हास्तोपोलला, जून 1942 मध्ये, आणि तिथे तिने 48 गोळे टाकले. काँक्रीट भेदणारा गोळा सुमारे 7 टनांचा, पल्ला 38 किलोमीटर. हलका, 4.8 टनी गोळा 47 किलोमीटर जाई.

‘कुठेही नेता येई’ हे तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट. तोफ सुटे भाग करून न्यावी लागे. जागेवर जोडणीच्या अवजड क्रेनसाठी बाहेरून आणखी रूळ टाकावे लागत. नळी वर-खाली होई, डावी-उजवी नाही. म्हणून मार्ग वळणदार टाकून, इंजिनाने अख्खी तोफ पुढे-मागे सरकवून दिशा साधायची. रूळ आणि तोफेची जागा तयार करायला हजारो माणसं राबली.

एप्रिल 1945 मध्ये जर्मनांनीच ती उडवून दिली. तिचा एक गोळा लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे.

अशा तोफा डोळ्यांनी पाहायच्या तर दुसरी के5 फ्रान्समध्ये ओदँगेनच्या बॅटरी टोट (जर्मनांचा जुना किनारी तोफखाना) संग्रहालयाबाहेर आहे. (शेजारच्या बंकरातल्या तोफा 38 सें.मी.च्या होत्या, ही त्यांतली नव्हे.) इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ फोर्ट नेल्सनला 18 इंची रेल्वे हॉवित्झर (उंच कमानीत गोळा टाकणारी तोफ) आहे. सोव्हिएत 305 मि.मी.ची टीएम-3-12 मॉस्कोच्या पोक्लोन्नाया टेकडीवर आणि सेंट पीटर्सबर्गच्या रेल्वे संग्रहालयात आहे.