‘तंबूच तयार नव्हता’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या कुत्र्याला, मोदकला, आमच्याकडे त्रास झाला, त्याबद्दल मी आणि माझी बायको, दोघंही मनापासून माफी मागतो. त्याच्या कानामागे दोन गोचीड सापडले, ती चूक आमचीच. दर गुरुवारी वाडीत फवारणी असते, त्या आठवड्यात पंप बिघडला आणि ‘एका आठवड्यानं काय होतंय’ म्हणून मी सोडून दिलं. होतं, ताई. आमचा गडी तुमच्यासमोर ‘कुत्र्याचं काय एवढं’ असं बोलला, तेही चुकलंच. त्याला समज दिली आहे.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंत की दिवेआगरजवळ पेट-फ्रेंडली कॅम्पिंग म्हणून आलो, दुपारी पोहोचलो तर तंबूच तयार नव्हता, अडीच तास उन्हात बसवलं, कुत्रा आजारी पडला, मालकानं हातातला टॉवेल ओढून घेतला, कुत्र्याला चिखलात बसवलं आणि वर कुत्र्याचे ६०० रुपये वेगळे लावले. यातलं टॉवेलचं खरं आहे. चिखलाचंही खरं आहे. ६०० रुपयांचंही. पण ‘तंबूच तयार नव्हता’ हे वाक्य काही मला झोपू देत नाही.

तंबू तयार नसतोच. चार वाजेपर्यंत आम्ही तो मुद्दाम उभा करत नाही. २०२२ साली, नवीन होतो तेव्हा, सकाळी अकरालाच ओळीनं सगळे तंबू लावून मोकळे व्हायचो. फोटो छान यायचे. पण दुपारी एकाची चेन उघडली की मोदकपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर यायची. (तुमच्या मोदकच्या नावावरून बोलत नाही, उपमा खरंच तीच सुचली.) तेव्हापासून पोफळींची सावली मोकळ्या जागेवर सरकली आणि समुद्राकडून वारा धरला, की मगच काठ्या बाहेर निघतात. चार म्हणजे चार. कधी सव्वाचार.

पुण्याची मंडळी म्हणतात, आमच्याकडे चाळीस असतं, तुमच्याकडे तर तेहेतीस-चौतीसच. आकडा बरोबर आहे. पण पुण्याचं ऊन कोरडं. इथे घाम येतो आणि वाळतच नाही. माणूस निदान शर्ट काढून पंख्याखाली बसतो. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांना तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचं पाणी उडालं तर तो गार होणार, आणि हवाच ओली असेल तर ते उडणार कुठून? त्यात मोदक पग. चपट्या नाकाच्या कुत्र्याला नुसता श्वास घ्यायलाच मेहनत पडते. म्हणून बुकिंगच्या वेळी आम्ही जात विचारतो, कुत्र्याची, आणि पग, बुलडॉग, हस्की असेल तर मेमध्ये चारच्या आधी येऊ नका असं वेगळं कळवतो. तुम्हालाही गुरुवारी संध्याकाळी ७.१२ला कळवलं होतं. तुमचा अंगठा आला होता. मोबाईलमध्ये आहे.

तुम्ही आलात १२.४०ला. येऊ नये असं नाही. ताम्हिणीची वळणं, मग माणगाव, म्हसळा, मांडीवर कुत्रा, कधी एकदा पोहोचतो असं होतं, मला कळतं. पण त्या वेळी मी बोर्लीला बर्फ आणायला गेलो होतो आणि बायको शेजारच्या वाडीत हळदीला. फाटकावर कुणी नव्हतं, हे वाईटच दिसलं, त्याची वेगळी माफी. मात्र ती पंचवीस मिनिटं होती. १.०५ला तुम्ही आमच्या पडवीत पंख्याखाली होतात, हातात कोकम सरबत होतं. अडीच तास उन्हात कुणी बसवलं?

पुढचं चारचौघांत लिहायचं नव्हतं. पण तुमच्या रिव्ह्यूत ते नाही, आणि लोक तोच वाचून ठरवतात. सव्वाच्या सुमाराला तुम्ही गाडीतला तुमचा स्वतःचा पॉप-अप तंबू काढून आमच्या खळ्यात भर उन्हात उघडलात. गोचीड लागू नयेत म्हणून मोदकला आत ठेवलंत आणि चेन लावलीत. बायको दोनदा म्हणाली, ताई, आत ठेवू नका. तुम्ही म्हणालात, पाचच मिनिटं. मग विहिरीवर रहाटाशी रील काढायला गेलात. पाच मिनिटं किती झाली ते मी मोजलं नाही. मी बर्फ उतरवून आलो तेव्हा त्याची जीभ लालभडक होती आणि पाय लटपटत होते. म्हणजे त्या दुपारी आमच्याकडे एक तंबू तयार होता, ताई. तो आमचा नव्हता, एवढंच.

टॉवेलचं सांगतो. तुम्ही घाबरून टॉवेल भिजवलात आणि त्याला गच्च गुंडाळलंत. मायेनंच केलंत. पण या हवेत गुंडाळलेला ओला टॉवेल अंगाच्या उष्णतेनं थोड्या वेळात कोमट होतो आणि मग ती गोधडीच होते. आमची कुत्री राणी गेल्या साली अशीच पडली होती, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी मला यावरूनच झापलं होतं. पाणी ओतत राहायचं, पोटावर, जांघेत, पंज्यांवर, आणि वारा लागू द्यायचा. म्हणून ओढला. आधी दोन शब्द बोलायला हवे होते, मान्य. माझं बोलणं तसंही हातांच्या मागूनच येतं, घरचेही हेच म्हणतात.

दोनला वीज गेली, पंखा बंद. इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात. म्हणून त्याला उचलून पोफळीत पाटाच्या कडेला नेलं. तोच तुमचा चिखल. मेच्या दुपारी आमच्या वाडीत त्याहून गार जागा नाही. राणी रोज तिथेच खड्डा करून पोट टेकते. मोदक साडेतीनला उठला, दोणीतलं पाणी प्यायला, रात्री दहीभात खाल्ला. तुमच्या लाईट कलरच्या सीट कव्हरला डाग पडले त्याबद्दल खरंच वाईट वाटतं.

६०० रुपयांत त्याचं जेवण, चादरींची वेगळी धुलाई आणि फवारणी धरलेली असते. फवारणी झाली नव्हती, म्हणून ते पैसे परत करतो असं तुम्हाला रविवारीच लिहिलंय, उत्तर नाही. किनाऱ्यावर पट्टा सोडू दिला नाही ही तक्रार मात्र मला मान्य नाही. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, उशिराच्या घरट्यांतली पिल्लं मेमध्येही निघतात. तिथे राणीलाही पट्टा असतो.

आम्ही काही रिसॉर्टवाले नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात एका दुपारीत पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं लावली, पण फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. मधल्या काळात घर या तंबूंवर चाललंय, आणि आमचा हंगाम म्हणजे दिवाळी ते आगोट, पावसाच्या तोंडापर्यंत. तुमचा रिव्ह्यू आल्यावर पुढच्या शनिवारची दोन बुकिंगं रद्द झाली. दोघांनीही ‘तंबू तयार असतो ना?’ हेच विचारलं होतं.

पंप दुरुस्त झालाय. लवकर येणाऱ्यांसाठी सावलीत झापांचा मांडव वगैरे काहीतरी करायचं चाललंय, बहुतेक पावसाळ्यानंतर. फाटकावर फोन नंबर लावतो. बाकी स्टार तुम्हाला द्यायचे तेवढे द्या, फक्त ती तंबूची ओळ जमलं तर बदला.

आणि मोदकचा निळा पट्टा दोणीच्या काठावर राहिलाय. बायकोनं धुऊन ठेवलाय. पत्ता मेसेज करा, या आठवड्यात बोर्लीहून कुरियर करतो. २५ तारखेनंतर आवराआवर सुरू होते, मग तंबूंबरोबर तोही माळ्यावर जाईल.