‘ताप नव्हता, मग कोंडलं कशाला?’

परदेशात कुठे नव्या साथीची बातमी आली की 2020 सालचा, करोनाच्या वेळचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. त्याचं सार असं: विमानतळावर ताप निघाला नाही म्हणजे माणूस ठणठणीत, त्याला 14 दिवस घरात बसवणं हा छळ, कपाळावर रोखलेली ताप मोजायची ‘बंदूक’ मेंदूला घातक, निगेटिव्ह रिपोर्ट असताना पुन्हा तपासणी म्हणजे पैसे उकळणं, हातावरचा विलगीकरणाचा शिक्का म्हणजे अपमान, आणि एवढं करून साथ आलीच, तेव्हा सगळं फुकट. हे वाचून मला गप्प बसवत नाही, कारण यातली पहिलीच समजूत जिवावर उठणारी आहे.

करोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 5-6 दिवस जातात, कधी 14 सुद्धा. दुबईहून मुंबईला विमान तीन-सव्वातीन तासांत येतं. आदल्या दिवशी लागण झालेला माणूस उतरताना धडधाकटच दिसणार. कित्येकांना ताप येतच नाही, आणि ज्यांना आला त्यांचा पॅरासिटामॉलनं उतरलेला असू शकतो. शिवाय लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून तो माणूस इतरांना आजार देऊ शकतो.

पुण्याचं उदाहरण आठवा. 1 मार्च 2020 ला दुबईहून परतलेलं जोडपं 9 तारखेला बाधित ठरलं. राज्यातले ते पहिले रुग्ण. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी आणि मुंबईहून त्यांना घेऊन आलेला टॅक्सीचालकही बाधित निघाले. दोष त्या जोडप्याचा नव्हे. सगळ्याच देशांतून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली ती 4 मार्चपासून. पण तो टॅक्सीवाला कुठे परदेशी गेला होता? म्हणून मी प्रवाशाच्या हाती पडणाऱ्या सूचनांच्या कागदाला तापमापकापेक्षा जास्त मानतो: वेगळ्या खोलीत राहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून लांब राहा, लक्षण दिसलं तर दवाखान्याच्या रांगेत जाऊन न बसता आधी हेल्पलाइनला फोन करा.

बंदुकीबद्दल फार लिहायला नको. ती मेंदूत काही सोडत नाही. आपल्या त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता फक्त मोजते.

निगेटिव्ह रिपोर्ट हा स्वॅब घेतला त्या घडीपुरता खरा. 72 तासांपूर्वी स्वॅब दिला, मग निरोपाच्या गाठीभेटी झाल्या, विमानतळावरच्या रांगा झाल्या, वाटेत विमान बदललं. त्यातच, लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत ती सापडतही नाही. म्हणूनच डिसेंबर 2021 मध्ये, करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या वेळी, जोखमीच्या देशांतून आलेल्यांना उतरल्यावर तपासणी, निगेटिव्ह आल्यास 7 दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा तपासणी असा नियम होता. खर्च प्रवाशाच्या माथी आला, ही तक्रार रास्त आहे, आणि माझ्या मते तो सरकारनं उचलायला हवा होता. पण त्यानं चाचणी खोटी ठरत नाही.

शिक्क्याच्या बाबतीत मात्र मजकुरातला सल खरा आहे. मार्च 2020 मध्ये राज्यानं डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात केली आणि 18 तारखेला शिक्का असलेल्या चौघांना पालघरला रेल्वेगाडीतून उतरवलं गेलं. त्यांनी गाडीनं जायला नको होतं, हे खरंच. पण सहप्रवासी घाबरले ते शिक्का म्हणजे रोगी असं समजून. त्याचा अर्थ एवढाच होता, की हा माणूस अमुक तारखेपर्यंत घरी थांबणार आहे. हे लोकांना सांगायला आपण कमी पडलो.

उरलं ‘साथ आलीच’. विमानतळावर साथ अडेल असं समजणंच चूक. तिथे मिळतो तो अवधी. भारतातला पहिला रुग्ण 30 जानेवारी 2020 ला केरळात सापडला, तेव्हा चाचणीची सारी भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर होती. मार्च संपता संपता देशात शंभराहून अधिक सरकारी प्रयोगशाळा नमुने तपासू लागल्या होत्या.