विचारलं की ‘नाही’ म्हणायचं

काल संध्याकाळी गेटपाशी, हातात दुधाची पिशवी असताना, वॉचमनच्या देखत मला सुनावण्यात आलं की सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा चांगला चालू असलेला अँटीव्हायरस मी बंद पाडला. “आधी दर दहा मिनिटांनी सांगायचा हो, पाच व्हायरस सापडले, आता सात झाले. तुम्ही हात लावल्यापासून बिचारा एक शब्द बोलत नाही.” घरचं राखणीचं कुत्रं मी पोत्यात घालून पुलापलीकडे सोडून आलो, असा काकांचा सूर. वॉचमननं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. दूध तरी माझंच आहे ना, अशी शंका त्याला आली असावी.

रविवारचे तीन तास गेले आणि बक्षीस हे. गेटवर बोलू दिलं नाही, म्हणून इथं सविस्तर सांगतो.

काकांना वार्षिक सभेची नोटीस काढायची होती. सभा 30 सप्टेंबरच्या आत, नोटीस त्याच्या चौदा दिवस आधी. गेल्या वर्षीची नोटीस कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. ती कुठंही नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर हवा, म्हणून काकांनी शोधलं ‘कृतिदेव टू युनिकोड फ्री’. जे पान उघडलं त्यावर डाउनलोडची चार बटणं. तीन हिरवी, तळहाताएवढी, ती जाहिराती. चौथं करड्या रंगाचं, मुंगीच्या अक्षरातलं, ते खरं. ओळखायचं कसं, तर बटणावर माउस नुसता न्यायचा, दाबायचा नाही. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात खाली पत्ता दिसतो. पत्ता भलत्याच साइटचा असेल तर ते बटण आपलं नाही. काकांनी चारही दाबली. “एक तरी लागेल,” म्हणाले.

त्यातल्या एकानं विचारलं, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला ‘अलाव’ दाबा. इथं सगळी मेख आहे. ‘अलाव’चा तो छोटा चौकोन ब्राउझरचा स्वतःचा असतो आणि तो विचारत असतो वेगळंच: या साइटला नोटिफिकेशन दाखवू देऊ का? यंत्रमानवाची भानगड पानावर लिहिलेली असते, चौकोनात नाही. खऱ्या तपासणीत सिग्नल, बस, झेब्रा क्रॉसिंगची चित्रं निवडायला लावतात, पण नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागत नाहीत. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “पण मी रोबो नाहीच. मग खोटं कशाला बोलू?”

परवानगी मिळाली की ती साइट स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली हवं ते टाकू शकते. लाल ढाल, व्हायरसचा आकडा, ‘ताबडतोब साफ करा’. कॉम्प्युटरमध्ये त्या क्षणी व्हायरस असो वा नसो, आकडा ठरलेला. खाली बारीक अक्षरात त्या साइटचा पत्ता असतो, पण ढाल एवढी लाल असते की तिथवर नजर पोचत नाही. काकांचा ‘अँटीव्हायरस’ तो हा.

मी खुर्चीवर बसलो आणि शेजारच्या स्टुलावर काकांचे मेहुणे येऊन बसले. सांगलीहून चार दिवसांसाठी आलेले. हातात चिवड्याची वाटी. स्क्रीन उजळायच्या आत निकाल आला.

“फॉरमॅट मारा.”

“आधी बघतो काय आहे ते.”

“बघायचं काय त्यात? आमच्याकडे एक पोरगा आहे. 300 रुपयांत फॉरमॅट मारतो, वर अँटीव्हायरस फुकट टाकून देतो.”

“फुकट कसा?”

“क्रॅक केलेला,” ‘देवगडचा आहे’ म्हणावं त्या तोऱ्यात ते म्हणाले.

म्हणजे चोराकडूनच कुलूप बसवून घेतल्यासारखं. क्रॅकच्या साइटी हा जाहिरातखोर माल येण्याचा राजरस्ता आहे, कारण क्रॅक चालवायच्या आधी खरा अँटीव्हायरस बंद करा असं तिथं लिहिलेलंच असतं आणि लोक तो बंद करतात. मी विचारलं, “वर्षातून किती वेळा मारायला लागतो?”

“चारदा. गाडीचं सर्व्हिसिंग नाही का करत आपण?”

यावर मी काय बोलणार! नोटिफिकेशनकडे वळलो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं साइट सेटिंग्ज, तिथं नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटींची यादी निघाली. अकरा. एक बातम्यांची, एक बँकेसारख्या नावाची, बाकी नऊ मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारख्या नावांच्या. प्रत्येकीपुढचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’. मग वरचा पर्याय असा केला की कुठल्याच साइटनं यापुढे विचारूही नये. कोपरा शांत झाला. ही ती शांतता, जिचा काल गेटवर पंचनामा झाला.

मग विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड, टिंब, सी-पी-एल. (काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “कुणाची स्पेलिंगं घेताय?”) बसवलेल्या प्रोग्रामची यादी येते. ती नावानं वाचत बसायचं नाही, ‘इन्स्टॉल्ड ऑन’वर टिचकी मारून तारखेनं लावायची. कन्व्हर्टर ज्या दिवशी आला त्याच दिवशी आणखी चौघे आलेले: एक कॉम्प्युटर वेगवान करणारा, एक ड्रायव्हर शोधणारा, एक कुपनं देणारा आणि एक भलताच ब्राउझर. हे घुसखोर नव्हेत, जोडून आलेले पाहुणे. इन्स्टॉल करताना ‘एक्सप्रेस, शिफारस केलेलं’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय असतात. शिफारस कुणाची, तर पाहुण्यांचीच. प्रत्येक यशस्वी इन्स्टॉलमागे कन्व्हर्टरवाल्याला पैसे मिळतात. ‘कस्टम’ घेतलं की खुणांचे चौकोन दिसतात आणि काढता येतात. हे पाहुणे काढतानाही सुखानं जात नाहीत: मोठ्या निळ्या बटणावर ‘ठेवा’, आणि खाली पुसट अक्षरात ‘तरीही काढा’.

“एवढा वेळ? फॉरमॅट वीस मिनिटांत होतो,” वाटीतले शेंगदाणे वेगळे काढत मेहुणे म्हणाले.

कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, तर कुपनवाला परत हजर. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. चूक माझीच होती, क्रम चुकला. हे लोक टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप करणाऱ्या विंडोजच्या भागात, एक काम लावून ठेवतात: लॉगिन झालं की, किंवा दर तासाला, पळून गेलेल्या साथीदाराला परत आण. म्हणून आधी टास्क शेड्युलर उघडून लायब्ररीत बघायचं, प्रत्येक कामाच्या ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये कुठली फाइल चालते ते वाचायचं, अ‍ॅपडेटा किंवा टेंपसारख्या फोल्डरमधून काही अनोळखी चालत असेल तर ते काम काढायचं. त्यानंतर प्रोग्राम, त्यानंतर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं शेपूट. उलट केलंत तर रात्रभर तेच.

एक्स्टेन्शनपाशी खरा तमाशा झाला. कुपनवाल्याच्या पुढचं ‘रिमूव्ह’ बटणच गायब, आणि क्रोमच्या मेनूत तळाशी ओळ: ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’. मी ती वाचली मोठ्यानं, आणि तिचा अर्थही सांगितला, तुमचा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. काका ताडकन उठले.

“कुठली संस्था? आपली?”

“नाही हो काका, ते नुसतं…”

“कॉम्प्युटर माझ्या स्वतःच्या पैशाचा आहे. सोसायटीनं एक रुपया दिलेला नाही. कमिटीत ठराव झालेला नाही!”

“खजिनदारांचं काम असणार,” मेहुणे म्हणाले. खजिनदार या माणसाला त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही.

पुढची दहा मिनिटं गेल्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीच्या बिलावर गेली. मी तेवढ्यात पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, दोन टिंबं, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं लिहून पान उघडलं. तिथं एक्स्टेन्शन सक्तीनं बसवण्याचा हुकूम आणि त्या एक्स्टेन्शनचं 32 अक्षरी नाव दिसलं. असे हुकूम कंपन्यांच्या आयटीवाल्यांसाठी असतात; जाहिरातवाले तेच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, लिहून मोकळे होतात. रजिस्ट्रीत स्थानिक मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं उतरायचं, आधी तो भाग ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवायचा, मग क्रोमची नोंद काढायची आणि ब्राउझर पुन्हा उघडायचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हा उद्योग करू नका, तिथं संस्था खरोखरच असते.

आणि एक्स्टेन्शन काढण्याआधी सिंक, म्हणजे क्रोमची खात्यावर ठेवली जाणारी नक्कल, बंद करा. मेहुण्यांना हेच समजावून पाहिलं: फॉरमॅट मारलात, नवं विंडोज आलं, तुम्ही त्याच खात्यानं क्रोममध्ये शिरलात, की सिंकमधून जुनी एक्स्टेन्शनं आपापल्या जागी येऊन बसतात. शिवाय काकांच्या डी ड्राइव्हवर ‘महत्त्वाचं’ नावाच्या फोल्डरमध्ये त्या कन्व्हर्टरच्या सेटअपच्या तीन प्रती जपून ठेवलेल्या होत्या. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा होतो. मेहुणे विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

“मग डी पण मारा,” ते म्हणाले.

उरलं ते लवकर झालं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’: शेवटच्या अवतरणचिन्हापुढे एका साइटचा पत्ता चिकटवलेला, म्हणजे क्रोम उघडला की आधी तिचं दर्शन. तो पुसला. टास्कबारवरच्या चित्राचं टार्गेट वेगळं असतं, तेही पुसायला लागतं. बरेच जण इथं चुकतात. मग अ‍ॅडव्क्लीनर. जाहिरातखोर माल हुडकून काढणारं, छोटं, फुकट, इन्स्टॉल न करता चालणारं, 2016पासून मालवेअरबाइट्स या कंपनीच्या ताब्यात. ते घ्यायचं थेट त्यांच्या साइटवरून, शोधून नाही. शेवटी विंडोजच्या डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, साधारण पंधरा मिनिटांचा. आणि अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये ‘नको असलेली अ‍ॅप्स’ अडवण्याचा पर्याय. तो 2021च्या ऑगस्टपासून विंडोज आपणहून चालू करतं. काकांच्या मशीनवर मात्र बंद होता. कुणी केला, विचारलं नाही.

‘शोधून नाही’ असं म्हणालो, त्याचा मला खरा राग आहे. कुठलंही नामांकित सॉफ्टवेअर शोधा, सगळ्यात वर खऱ्या साइटऐवजी पैसे भरून बसवलेली जाहिरात येऊ शकते, आणि तिचा कपडेपट खऱ्यासारखाच. अमेरिकेच्या एफबीआयनं 2022च्या डिसेंबरात याबद्दल इशारा दिला आणि शोधताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा असंही सुचवलं. एवढी मोठी तपास यंत्रणा हे सांगते, आणि इकडे माझ्याच घरात मला विचारतात, “फुकटच्या साइटला जाहिरात नको तर काय, त्यांनी उपाशी राहायचं?” बरं, नवाकोरा लॅपटॉप घेतला म्हणजे सुटलात असंही नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये 2014च्या अखेरीस सुपरफिश नावाचा जाहिरातवाला कारखान्यातूनच बसवून आला होता. त्यानं सुरक्षित साइटींच्या मधे बसता यावं म्हणून स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी असल्याची ग्वाही, घातलं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच. 2015च्या फेब्रुवारीत एका संशोधकानं किल्लीचा पासवर्ड उलगडला, तर तो निघाला त्यातला सुटा भाग बनवणाऱ्या कंपनीचं नाव. प्रोग्राम काढून टाकला तरी प्रमाणपत्र मागे राहायचं, ते वेगळं उपटायला लागायचं. माणसानं पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूत हे! काका तर फुकटात शोधत होते.

आणि कन्व्हर्टर बसवायची गरजच नव्हती, हे सांगताना तर माझा घसा बसला. जुन्या नोटिशीसाठी पानावर चालणारे कन्व्हर्टर असतात: एका चौकोनात चिकटवा, दुसऱ्यातून उचला, काही उतरवायचं नाही, काही ‘अलाव’ करायचं नाही. नव्यानं टाइप करायला मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये 2019पासून आहेच. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, भाषेत मराठी जोडा, कीबोर्डात फोनेटिक निवडा, मग विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदला. काकांनी ‘सभा’ असं लिहून पाहिलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

जाताना मॉनिटरवर मी पिवळी चिठ्ठी चिकटवली: ‘कॉम्प्युटरनं काहीही विचारलं की नाही म्हणायचं.’ लाल पडदा आणि बाईचा इंग्रजी आवाज आला तर एस्केप दाबून धरायचं, नाही गेला तर आल्ट आणि एफ-4. पडद्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच. कुणाला चुकून कॉम्प्युटरचा ताबा दिलाच तर इंटरनेट तोडून 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. हे तोंडी सांगितलं, चिठ्ठीत जागा नव्हती.

काल रात्री साडेनऊला काका वर आले. गेटवरचा आवेश नव्हता. दोन तास बसून नोटीस आणि गेल्या सभेचं इतिवृत्त टाइप केलं होतं, नवीन कीबोर्डवर, स्वच्छ युनिकोडमध्ये. वर्ड बंद करताना त्यानं विचारलं, बदल जतन करू का? काकांनी चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीप्रमाणे केलं.

फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड. वर्ड दर दहा मिनिटांनी एक प्रत काढून ठेवतं, त्यामुळे शेवटचे दोन ठराव सोडून सगळं मिळालं. मी चिठ्ठी काढली, ‘जतन करू का याला हो’ अशी ओळ वाढवली. मग अपडेटला हो. प्रिंटरनं विचारलं तर हो, पण प्रिंटर आपणच जोडला असेल तरच. कुकीजला नाही. चिठ्ठीची मागची बाजूही भरली, तेव्हा काकांनी ती माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि परत दिली.

“असं हातानं नको. कृतिदेवमध्ये टाइप करून द्या, नोटीस बोर्डावर लावू.”