९८.६ चा आग्रह कशाच्या जोरावर?

ताप मोजायची वेळ आली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: “निरोगी माणसाचं सरासरी तापमान ९८.६ फॅरनहाइटच. पंचवीस हजार लोकांवरून ठरलेला आकडा शे-दीडशे जणांच्या अभ्यासाने बदलत नाही. आणि फरक तरी किती, अर्ध्या अंशाचाही नाही!” फरक अर्ध्या अंशाहून कमी आहे हे खरं, पण हा युक्तिवाद तपासणीत टिकत नाही.

आधी पंचवीस हजारांचं. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी लाइपझिगमध्ये प्रचंड नोंदी केल्या आणि १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हा आकडा मांडला. ९८.६ हे त्याचंच रूपांतर. त्यातल्या दशांशाला अचूकतेचा पुरावा मानू नये. त्यांनी मोजलं काखेत, आणि त्यांचा एक थर्मामीटर पुढे तपासला तेव्हा तो आजच्या उपकरणांपेक्षा जास्त आकडा दाखवत होता. नमुना वाढवल्याने योगायोगाने येणारी चूक घटते. उपकरणच चढं दाखवत असेल, तर दहा लाख नोंदींची सरासरीही चढीच येणार.

“शे-दीडशे जण पुरत नाहीत” हा आक्षेप सर्वांत जास्त पसरलेला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या संशोधकांनी १८ ते ४० वयाच्या १४८ निरोगी लोकांचं तापमान अनेकदा मोजलं; सरासरी आली ९८.२. त्या अभ्यासावर बेतलेला १३० नोंदींचा एक संच संख्याशास्त्राच्या वर्गात वापरतात. त्याची सरासरी ९८.२५, प्रमाण विचलन (नोंदी सरासरीपासून साधारण किती दूर पसरल्या आहेत याचं माप) ०.७३. ०.७३ ला १३० च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी येते, म्हणजे नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हुकू शकते याचं माप: सुमारे ०.०६४. या गणितात जगाची लोकसंख्या कुठेच येत नाही! अचूकता ठरते ती नमुन्याचा आकार आणि नोंदींमधला विखुरलेपणा यांवर. त्यावरून ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल निघतो ९८.१२ ते ९८.३८. म्हणजे असे नमुने पुन्हापुन्हा घेतले, तर त्यांतून निघणाऱ्या शंभरातल्या सुमारे ९५ इंटरव्हलमध्ये खरी सरासरी सापडेल. ९८.६ या इंटरव्हलच्या बरंच बाहेर आहे. हे लोक सगळ्या मानवजातीचे प्रतिनिधी आहेत का, ही शंका मात्र रास्त आहे. ती कोण निवडले गेले याबद्दलची आहे, किती निवडले याबद्दलची नाही.

“फरक किरकोळ आहे, योगायोग असेल.” फरक ०.३५, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या जवळजवळ साडेपाच पट. खरी सरासरी ९८.६ असती, तर नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी. ही पी-व्हॅल्यू. “९८.६ बरोबर असण्याची शक्यता” असा तिचा अर्थ काढणं साफ चूक.

आता उलट्या बाजूची चूक, आणि ती जास्त घातक. हा इंटरव्हल वाचून कोणी म्हणतं, “९८.३८ च्या वर गेलं की ताप.” नाही! तो पट्टा सरासरीचा आहे, माणसांचा नाही. एकेका नोंदीचा पट्टा प्रमाण विचलनावरून काढतात: साधारण ९६.८ ते ९९.७. शिवाय तापमान पहाटे उतरतं आणि संध्याकाळकडे चढतं. १९९२ च्या त्या अभ्यासाने निरोगी माणसासाठी वरची मर्यादा ९९.९ सुचवली होती. संध्याकाळी थर्मामीटर ९९ दाखवतो एवढ्यावरून धडधाकट मुलाला तापाची गोळी देण्याचं कारण नाही.