पोरगं परदेशी कॅम्पसला घालायची रीत

परदेशी विद्यापीठ, तेही तिसऱ्याच देशातल्या शाखेत! लेकराचं अभिनंदन, चौकात फ्लेक्स लागलाच असेल. आता एकच पथ्य पाळा : ही शाखा किती वर्षं टिकेल, असं समुपदेशकाला विचारू नका. त्याने पाजलेला चहा कडू लागेल.

आणि जुने दाखले तर मुळीच काढू नका. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने सिंगापुरात २००७ साली शाखा काढली. पहिलं सत्र चालू असतानाच मे महिन्यात बंदची घोषणा, जूनअखेर कुलूप. स्वप्न १५ हजार पोरांचं होतं, आली १४८. सोयाबीनला काढणीला यायला शंभर दिवस लागतात. ही घोषणा त्याआधीच झाली. मिशिगन स्टेटने दुबईत २००८ ला सुरू केलेले पदवीचे वर्ग २०१० ला गुंडाळले. दोन्हीकडे रडगाणं एकच, पोरं कमी पडली.

कर्जाचं मात्र घाईनं उरका. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. तिथं सातबारा पुढे करू नका. शेतजमिनीला सरफेसी कायदा (कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण जप्त करायचा) लागत नाही, म्हणून तुमच्या काळ्या कसदार रानाकडे मॅनेजर ढुंकून बघत नाही. त्याला एनए प्लॉट नाहीतर घर पाहिजे. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर वकिलाच्या सर्च रिपोर्टलाच फाईल अडकेल. (अडकली तर देवाला नारळ फोडा.) २० लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला २ लाख व्याज होतं. हप्ते नसलेल्या काळातही ते चढतच राहतं, आणि कॅम्पसला कुलूप लागलं हे त्याला कुणी कळवत नाही.

मग एक दिवस मेल येईल : मूळ कॅम्पसला या, जागा आहे. न्या की! फक्त देश बदलला म्हणजे व्हिसा नवा, खात्यात दाखवायची रक्कम नवी, खोलीचं भाडं नवं. जुना विद्यार्थी पास त्या संस्थेच्याच नावावर होता, तो तिच्याबरोबर गेला.

शिक्क्याचं ट्रान्सक्रिप्ट, विषयवार अभ्यासक्रम, फीच्या पावत्या हे सगळं पहिल्या सत्रापासून काढून ठेवणं म्हणजे अपशकुन. बघू नंतर म्हणा. कॉलेजचा ईमेल बंद झाला की पोर्टलही उघडत नाही, आणि दुसरं विद्यापीठ क्रेडिट धरायला नेमका तोच शिक्का मागतं. मोबाइलमधले स्क्रीनशॉट दाखवून बघा, करमणूक होईल.

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आहे ना, म्हणाल. आहे. परवानगीशिवाय कॅम्पस बंद करायचा नाही, असं २०२३ च्या नियमात लिहिलंय. तो नियम भारतातल्या कॅम्पसांना. दुबई-सिंगापूर त्याच्या शिवारात येत नाही. गुजरातेतल्या गिफ्ट सिटीतल्या परदेशी कॅम्पसांचाही नियामक वेगळा.

फ्लेक्स मात्र फाडू नका. पावसाची झड लागली की सोयाबीनच्या गंजीवर टाकायला होतो. फोटोची बाजू खाली करायची.