चौथीतली चाळणी

महाराष्ट्रात पाचवीची परीक्षा परत आल्यापासून आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एक दाखला वारंवार दिला जातो. ‘जर्मनीत बघा, चौथीतच ठरवतात कोण पुढे काय शिकणार ते. आणि आपण बसलोय आठवीपर्यंत ढकलपास करत.’ हे म्हणणाऱ्यांत दोघं स्वतः शिक्षक आहेत, त्यामुळे मी ते उडवून लावत नाही. पण मी राहते जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, एर्लांगनला, आणि माझा मुलगा यंदा चौथीत आहे. त्या चाळणीच्या तोंडाशी उभं राहून सांगते, ही गोष्ट इकडून उचलून नेण्यासारखी नाही.

आधी घरचा वाद. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली होती. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरता निर्णय राज्यांवर सोडला आणि २०२३मध्ये महाराष्ट्राने या दोन्ही वर्गांना वार्षिक परीक्षा लावली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही जमलं नाही तर पुन्हा तोच वर्ग. त्यात शिष्यवृत्ती परीक्षाही पाचवी-आठवीवरून परत चौथी-सातवीला न्यायचं ठरलं. यामागचा राग मला समजतो. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.७ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. भागाकार जमला तो ३०.७ टक्क्यांना. पाच वर्षं शाळेत जाऊन हे पदरी पडत असेल तर कोणीही चिडेल.

आता इथलं. बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. गुण एक ते सहा, एक सर्वांत चांगला. चौथीत जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय अशा तिघांची सरासरी काढतात. ती २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे जाणारी शाळा. २.६६पर्यंत असेल तर रेआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधल्या पातळीची शाळा. बाकीच्यांना मिटेलशुले, म्हणजे मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा. मे महिन्याच्या सुरुवातीला मुलाच्या हातात हे ठरवणारं प्रमाणपत्र पडतं. मूल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं असतं.

तिसरीचा शेवट आला की घराघरांत काय चालतं ते मी पाहते आहे. ज्या आईबापांचं जर्मन पक्कं आहे ते मुलाचा निबंध रात्री बसून सुधारून घेतात. ज्यांना परवडतं ते शिकवणी लावतात. कारखान्यात पाळीत काम करणारी, घरी तुर्की किंवा अरबी बोलणारी माणसं यातलं काहीच करू शकत नाहीत, आणि त्यांची मुलं बहुतेक कुठे जाणार हे वर्गातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मुलांनाही. मला सर्वांत टोचतं ते हेच.

इथल्या व्यवस्थेच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी. मिटेलशुलेतून निघालेलं मूल कंपनीत पगारी उमेदवारी करत कसब शिकतं आणि पुढे सुतार, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक म्हणून मानाने जगतं. पुढे वाट बदलायचे रस्तेही आहेत. ग्रुपवरच्या मित्रांना भुरळ पडते ती याची. पण ती प्रतिष्ठा चौथीच्या सरासरीतून आलेली नाही. ती आली उमेदवारीच्या पक्क्या व्यवस्थेतून, कामगार संघटनांतून आणि चांगल्या पगारातून. हे सगळं मागे ठेवून आपण फक्त चाळणी उचलली तर हाती काय राहील?

शिवाय चाळणीने शिक्षण सुधारलं असंही दिसत नाही. २००१च्या डिसेंबरमध्ये पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले तेव्हा जर्मनी हादरली होती. आईबापांची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचं नातं इथे फार घट्ट निघालं. पुढे २००६मध्ये अमेरिकेतले एरिक हनुशेक आणि म्युनिकचे लुडगर व्योसमान या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतली प्राथमिक वर्गांतली आणि नंतरची कामगिरी शेजारी ठेवून पाहिली. मुलांची लवकर वाटणी करणाऱ्या देशांत दरी वाढते, आणि त्या बदल्यात सरासरी वर गेल्याचा पुरावा सापडत नाही, असं त्यांना आढळलं. चौथीच्या वाचनाच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तर जर्मनीतली २५.४ टक्के मुलं पुढच्या शिक्षणाला लागणाऱ्या किमान वाचनापर्यंतही पोचली नव्हती. २०१६मध्ये हा आकडा १८.९ होता. म्हणजे चौथीत निवड होणार हे प्रत्येक शाळेला माहीत असूनही चारातलं एक मूल नीट वाचायला शिकलं नाही.

मला खरं दुःख याचं आहे की, ज्या प्रश्नासाठी आपण बव्हेरियाकडे पाहतो त्याचं बरंचसं उत्तर मुंबईतच शोधलं गेलं. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने नव्वदच्या दशकात महापालिकेच्या शाळांत बालसखी सुरू केल्या. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली. महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या दिवसाचे दोन तास वेगळं घेऊन बसायच्या आणि अक्षरओळख, अंक, बेरीज-वजाबाकी इथून सुरुवात करायच्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई-बडोद्यात याची शिस्तशीर चाचणी घेतली. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई मराठी. २०१९च्या नोबेलच्या वेळी आपण ते कौतुकाने सांगितलं, पण त्यांचं संशोधन काय सांगतं याची चर्चा फारशी केली नाही.) मुलं पुढे सरकली, आणि प्रगती जवळजवळ सगळी बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. मूळ वर्गात पट कमी झाला, बाईंना मोकळीक मिळाली, तरी तिथल्या मुलांत विशेष फरक पडला नाही. नुसती गर्दी कमी करून भागत नाही, मूल जिथे आहे तिथून शिकवावं लागतं.

त्यानंतरचा बिहारचा अनुभव तर प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावा. सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात याच पद्धतीने शिकवलं तेव्हा मुलांचं वाचन सुधारलं. पण शाळा सुरू असताना शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तर परिणाम शून्य. कारण जून उजाडला की पोर्शन सुरू होतो. पुस्तक संपवायचं असतं, आणि ज्याला कळत नाही तो खिडकीबाहेर बघत बसतो. हरियाणात दिवसातला एक तास वेगळा राखून ठेवला, त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवली, वरून देखरेख ठेवली, तेव्हा तिथल्या सरकारी शिक्षकांनाही हिंदी वाचनात फरक दाखवता आला. गणितात मात्र नाही, हेही खरं. ही पद्धत आज झांबियाच्या सरकारी शाळांत ‘कॅच अप’ नावाने चालते.

कोणी म्हणेल, पातळीप्रमाणे बसवणं ही पण चाळणीच. मी ते मान्य करत नाही. तिथे मूल तासाभराने आपल्या वर्गात परत येतं, जमायला लागलं की गट बदलतो, आणि जास्त मेहनत सगळ्यांत मागच्या मुलावर होते. बव्हेरियात दहा वर्षांच्या मुलाची शाळाच बदलते, मित्र बदलतात, घरच्यांच्या अपेक्षा बदलतात. जर्मनीलाही हे उमगू लागलं आहे. हाम्बुर्गमध्ये अनेक शाळांनी वेळापत्रकातच रोज वीस मिनिटं एकत्र मोठ्याने वाचण्यासाठी राखली आहेत. कमकुवत वाचणारं मूल चांगल्या वाचणाऱ्याच्या जोडीला बसतं.

म्हणून ग्रुपवरच्या माझ्या शिक्षक मित्रांना कळकळीने सांगते, परीक्षेवर भांडण्यात शक्ती घालवू नका, त्या तासासाठी भांडा. तिसरी ते पाचवी, रोज एक तास, त्या वेळात ना पोर्शन, ना सर्वेक्षण, ना ऑनलाइन माहिती भरणं. केंद्रप्रमुख शाळेत आले की त्यांनी आधी तो तास पाहावा. आणि पाचवीचा निकाल लावायचाच असेल तर निकालपत्रकात आणखी एक रकाना घाला : या मुलाला तिसरीपासून किती दिवस त्याच्या पातळीचा तास मिळाला. तो रकाना रिकामा असेल तर त्या मुलाला नापास करायचा अधिकार शाळेला नसावा.