लुईस गार्सियाला नुसतं नशीबवान म्हणू नका

काल रात्री टर्फवर आमच्यातल्या एका पोराने साधा पास द्यायचं सोडून टाचेने बॉल मागे ढकलला. मागे कोणीच नव्हतं. समोरच्यांनी तो उचलला, पळत जाऊन गोल केला आणि आमच्या टीमने त्या पोराचा यथेच्छ उद्धार केला. मी गप्प. मला स्पेनचा जुना फुटबॉलर लुईस गार्सिया आठवत होता, ज्याला लोक नुसता नशीबवान म्हणून मोकळे होतात.

स्पॅनिश मिडफिल्डर म्हटलं की लोक झावी, इनिएस्ता म्हणतात, फार तर झाबी अलोन्सो. गार्सिया कुणाच्या यादीत नसतो. हाही बार्सिलोनाच्याच अकादमीतला, झावीहून दीडेक वर्षाने मोठा. पण सीनियर टीममध्ये जागा नाही, म्हणून लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, वायादोलिद, टोलेडो, तेनेरिफे या क्लबांत वरात. तेनेरिफेत राफा बेनितेझ कोच होता. हाच बेनितेझ 2004 मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबला गेला आणि त्याने गार्सियाला बोलावून घेतलं.

आता खरं सांगतो, तेव्हा मी त्याला शिव्याच घालायचो. सरळ पास असताना फ्लिक, दोन डिफेंडर अंगावर असताना टाच. दहा वेळा बॉल घालवायचा. अकराव्या वेळी मात्र असं काही करायचा की आपण खुर्चीवरून उठायचो. युव्हेंटसविरुद्ध अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानात, लांबून हवेतच मारलेला तो व्हॉली बघा. समोर गोलात बुफॉनसारखा दिग्गज गोलकीपर होता!

2004-05 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, त्याचे 5 गोल. पाचही नॉकआउटमधले, म्हणजे हरलं की बाहेर अशा टप्प्यातले. लेव्हरकुसेनला तीन, युव्हेंटसला एक, चेल्सीला एक.

तो सेमीफायनलमधला चेल्सीविरुद्धचा गोल म्हणजे आमच्या रूमवरचं महाभारत, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला एक चेल्सीवाला. 3 मे 2005, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. आवाज वाढवला तर घरमालक वर येणार, म्हणून टीव्ही जवळजवळ म्यूटवर. चौथ्याच मिनिटाला लिव्हरपूलचा बारोस आणि चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेक धडकले, बॉल सुटला, गार्सियाने पाय घातला आणि चेल्सीच्या गालासने तो लाइनवरून की लाइनच्या आतून बाहेर काढला. रेफ्रीने गोल दिला. चेल्सीचा कोच मोरिन्यो त्याला ‘भुताचा गोल’ म्हणाला आणि तेच नाव चिकटलं. दोन लेग, म्हणजे दोन्ही क्लबांच्या मैदानांवरच्या मॅच मिळून तेवढा एकच गोल. लिव्हरपूल फायनलला गेलं आणि इस्तंबूलमध्ये 0-3 वरून बरोबरी करून पेनल्टीवर कप घेऊन आलं.

माझं म्हणणं एवढंच, की तो गोल झाला की नाही यावर वीस वर्षं भांडा, पण बॉल सुटला तेव्हा तिथे तोच का होता हेही बघा. दर वेळी तोच कसा असायचा?

त्या रात्रीचा रेफ्री लुबोश मिखेल स्लोव्हाकियाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड कपच्या प्लेऑफमध्ये स्पेनने स्लोव्हाकियाला 5-1 धुतलं, त्यात गार्सियाची हॅटट्रिक. उपकाराची फेड म्हणतात ती अशी!

पुढचं सगळं मात्र थोडक्यात हुकलेलं. 2006 च्या एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये परत चेल्सीलाच गोल मारला, आणि चारच दिवसांनी लीगमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध रेड कार्ड घेऊन बसला. फायनल वेस्ट हॅमशीच होती. ती त्याने बाहेर बसून पाहिली. जानेवारी 2007 मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, म्हणून त्या वर्षीची चॅम्पियन्स लीगची अथेन्समधली फायनल गेली. 2006 चा वर्ल्ड कप तो खेळला, पण 2008 ला स्पेन युरो जिंकलं तेव्हा टीममध्ये नव्हता. स्पेनसाठी 20 मॅच, 4 गोल, आणि सोन्याचे दिवस सुरू होण्याआधीच हा बाहेर. तसंही त्या स्पेनमध्ये बॉल घालवणं हे पाप होतं. झावी मलाही आवडतो, पण त्याला बघताना मी कधी श्वास रोखून धरला नाही.

मग अ‍ॅटलेटिको, सांतांदेर, ग्रीस, मेक्सिको करत 2014 च्या सुरुवातीला निवृत्ती. आणि त्याच वर्षी स्वारी आपल्याकडे, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगच्या पहिल्या सीझनला अ‍ॅटलेटिको डी कोलकाताचा मार्की, म्हणजे टीमचा मुख्य स्टार खेळाडू म्हणून! ‘पेन्शनरांची लीग’ म्हणून हसणाऱ्यांत आमचे मित्र आघाडीवर होते. 20 डिसेंबरची फायनल नेरूळच्या डी. वाय. पाटीलला होती. मी गेलो होतो. समोर केरळा ब्लास्टर्स, त्यांच्या चाहत्यांनी स्टेडियम पिवळंधमक करून टाकलेलं, आणि इंज्युरी टाइममध्ये रफिकने हेडर मारून कोलकात्याला जिंकून दिलं. ट्रेनमध्ये शेजारचा पिवळा शर्टवाला वाशीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्यानंतरही गडी 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन खेळून आला. निवृत्त व्हायलाही त्याला दोन प्रयत्न लागले.

कालच्या पोराला मी मॅचनंतर म्हटलं, पुढच्या वेळी परत टाच मार. बाकीच्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते विचारू नका.

आणि रूमवरचा तो चेल्सीवाला? अजून दर 3 मे ला त्या गोललाइनचा फोटो पाठवतो. खाली एकच शब्द, ‘नव्हता’. मी लिहितो, ‘होता’.